हॅम ट्रान्समिशनमुळे शेजारचा डिजिटल टीव्ही गोठतो? फिल्टर घेण्याआधी आरएफची वाट शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक; घरात १०० वॅटचा एचएफ (३ ते ३० मेगाहर्ट्झचा) रिग, म्हणजे रेडिओसंच आहे, त्याला खिडकीतून निघून बागेच्या टोकापर्यंत गेलेली एंड-फेड (एका टोकाला जोडलेली) अँटेनाची तार आहे. शिवाय दोन बँडांचा ५० वॅटचा एफएम रिग आणि छतावर व्हर्टिकल, म्हणजे उभी अँटेना. शेजारचं घर १२ मीटरवर. त्यांच्या छतावर टीव्हीची यागी (आडव्या दांड्यांची अँटेना) आणि खांबावरच ॲम्प्लिफायर. तुम्ही ४० मीटर बँडवर (७ मेगाहर्ट्झ) एफटी-८, म्हणजे संगणकावरून छोटे संदेश पाठवणं, सुरू केलं की त्यांचं चित्र गोठतं. दोन मीटर बँडवर (१४५ मेगाहर्ट्झ) बोललात की काही चॅनेल जातात, काही व्यवस्थित चालतात. दुसऱ्या बाजूच्या घरात डिश आहे, त्यांची अजून तक्रार नाही. एचएफ रिगच्या मागे चांगला लो-पास फिल्टर (वरच्या वारंवारिता अडवणारा) लावलात, पण काडीचाही फरक पडला नाही. आता पुढे कोणता फिल्टर घ्यावा?

माझं उत्तर: तूर्तास कुठलाच घेऊ नका. तुमच्या वर्णनात दोन वेगवेगळे बिघाड दिसतात. त्यांची लक्षणं सारखी आहेत, पण आरएफ, म्हणजे तुमचा रेडिओ-सिग्नल, दोन वेगळ्या वाटांनी टीव्हीत शिरतोय. वाट कळल्याशिवाय घेतलेला फिल्टर बहुतेक वेळा चुकीच्या जागी बसतो. तुमच्या लो-पास फिल्टरचं नेमकं हेच झालंय. तो वाया गेलेला नाही, असू द्या, पण तुमचं दुखणं त्याच्या अखत्यारीतलं नव्हतं.

डिजिटल टीव्ही कारण लपवतो

ॲनालॉगच्या काळात टीव्ही स्वतःच निदान करून द्यायचा. पडद्यावर तिरक्या रेघा आल्या की कुठलातरी कॅरिअर (रेडिओची वाहक लहर) आत शिरलाय हे कळायचं. रेघा बोलण्याच्या लयीत हलल्या की एसएसबी पद्धतीचं बोलणं. सगळं चित्रच काळवंडलं की ट्यूनर, म्हणजे टीव्हीतला चॅनेल पकडणारा भाग, ओव्हरलोड झालेला. डिजिटलमध्ये ही भाषाच नाहीशी झाली. आतली चूक-दुरुस्ती शेवटपर्यंत झुंजते, तोवर चित्र निर्दोष दिसतं, आणि मग एक-दोन डेसिबलच्या फरकाने चौकोन पडतात, चित्र थिजतं, आवाज तुटतो, शेवटी ‘नो सिग्नल’. कारण हार्मोनिक (तुमच्या वारंवारितेच्या दुप्पट, तिप्पट अशा पटींवर निघणारा नको असलेला सिग्नल) असो, ओव्हरलोड असो की केबलच्या जाळीवरून, म्हणजे बाहेरच्या धातूच्या आवरणावरून आलेला आरएफ, दिसतं ते एवढंच.

आणखी एक जुनी सोय गेली. पूर्वी टीव्हीची अँटेना काढून बघायचो: रेघा तरीही दिसल्या तर आरएफ थेट सेटमध्ये किंवा मेन्समधून शिरतोय. आता अँटेना काढली की चित्रच नसतं, मग बिघडणार काय? त्याला पर्याय म्हणजे टीव्हीवर पेन ड्राइव्हवरचा व्हिडिओ लावायचा, अँटेनाची केबल तशीच जोडलेली ठेवायची, आणि तुम्ही ट्रान्समिट करायचं. व्हिडिओ अडखळला, स्पीकरमधून गुरगुर आली किंवा टीव्ही आपोआप बंद-चालू झाला, तर ट्यूनरचा प्रश्न नाही, आरएफ सेटच्या आतपर्यंत पोचतोय. व्हिडिओ नीट चालला आणि फक्त थेट प्रक्षेपण बिघडलं, तर लक्ष अँटेना, ॲम्प्लिफायर, केबल आणि ट्यूनर यांच्यावर.

टीव्हीच्या मेनूत सिग्नलची ताकद आणि गुणवत्ता असे दोन पट्टे असतात. चाचणीच्या वेळी चित्राकडे बघू नका, गुणवत्तेच्या पट्ट्याकडे बघा. चित्र मोडण्याच्या कितीतरी आधी तो पट्टा घसरायला लागतो. फेराइट (केबलवर बसवायची चुंबकीय पदार्थाची रिंग) लावल्यावर ‘फरक पडला’ की ‘पडला नाही’ यापलीकडे ‘थोडा पडला’ हे फक्त तिथेच दिसतं, आणि हा ‘थोडा’ फार मोलाचा असतो. डिजिटलच्या कड्यावरून एक पाऊल मागे आलात तरी चित्र तसंच तुटकं दिसेल, आणि चांगला उपाय निरुपयोगी समजून तुम्ही सोडून द्याल.

आकडे बघितले की भीती आणि गोंधळ दोन्ही कमी होतात

डायपोलच्या (दोन हातांच्या साध्या अँटेनाच्या) सर्वांत जोरकस दिशेला १०० वॅट सोडले तर १२ मीटरवर साधारण ६ व्होल्ट प्रति मीटर इतकं क्षेत्र तयार होतं. घरगुती मल्टिमीडिया उपकरणांची आरएफ सहनशक्ती मानकांनुसार साधारणपणे ३ व्होल्ट प्रति मीटरवर तपासली जाते. म्हणजे तुमचा रिग शंभर टक्के निर्मळ असला, एकही हार्मोनिक नसला, तरी शेजारचा टीव्ही जेवढ्यासाठी घडवलाय त्याच्या दुप्पट मारा त्याच्यावर होऊ शकतो. ४० मीटर बँडवर एवढ्या जवळ हे गणित ढोबळच असतं, पण अंदाज यायला पुरेसं आहे. अंतर दुप्पट केलं की क्षेत्र निम्मं होतं. ताकद १०० वरून २५ वॅटवर आणली तरी निम्मं होतं. एफटी-८ साठी २०-२५ वॅट भरपूर होतात, तिथे १०० वॅट लावण्याचं मला कधीच समर्थन करता आलेलं नाही.

आता दोन मीटर. ५० वॅट, तेच अंतर: सुमारे ४ व्होल्ट प्रति मीटर. त्याच छतावर टीव्हीचा उपयुक्त सिग्नल समजा १ मिलिव्होल्ट प्रति मीटर आहे, म्हणजे बरा आहे. तुमचा कॅरिअर त्याच्या चार हजार पट. आणि त्या यागीच्या मागे जो ॲम्प्लिफायर बसलाय तो बहुधा ४० मेगाहर्ट्झपासून वर दिसेल ते सगळं वाढवणारा. टीव्ही ४७० मेगाहर्ट्झच्या वर आणि तुम्ही १४५ वर, हा फरक त्या बिचाऱ्या ट्रान्झिस्टरला कळण्याची सोयच कुणी केलेली नसते.

हार्मोनिकचं काय? ज्या देशांत अतिउच्च वारंवारितेवर अनावश्यक उत्सर्जन मूळ सिग्नलच्या ६० डेसिबल खाली ठेवा असा नियम आहे, तिथेही ५० वॅटच्या ६० डेसिबल खाली म्हणजे ५० मायक्रोवॅट. १२ मीटरवर त्याचं क्षेत्र होतं सुमारे ४ मिलिव्होल्ट प्रति मीटर, टीव्हीच्या सिग्नलच्या चौपट. म्हणजे पूर्णपणे कायदेशीर असलेला हार्मोनिकसुद्धा, नेमक्या चॅनेलवर पडला तर, चित्र घालवू शकतो. डीव्हीबी-टी या डिजिटल प्रक्षेपण मानकाच्या ८-के पद्धतीत एका चॅनेलमध्ये ६,८१७ उपवाहक (बारीक वाहक लहरी) असतात. एका अरुंद कॅरिअरने त्यातले मोजकेच बिघडतात आणि बाकीच्यांच्या जोरावर चित्र टिकू शकतं. पण घुसखोर मूळ सिग्नलपेक्षा वरचढ झाला की ही सवलत संपते. ‘माझा रिग नियमात बसतो’ हे अधिकाऱ्याला सांगायला ठीक आहे, शेजाऱ्याचं चित्र त्याने परत येत नाही.

तीन वाटा, आणि त्या ओळखायच्या कशा

पहिली वाट: तुमचा हार्मोनिक टीव्हीच्या चॅनेलवरच पडतो. दुसरी: तुमचा मूळ सिग्नलच टीव्हीच्या अँटेनातून येऊन ॲम्प्लिफायर किंवा ट्यूनर ओव्हरलोड करतो. तिसरी: टीव्हीची कोअॅक्स (अँटेनाची केबल), मेन्सची वायर, एचडीएमआयची केबल हेच तुमच्या सिग्नलसाठी अँटेना बनतात आणि आरएफ जाळीच्या बाहेरून चालत सेटमध्ये शिरतो. याला कॉमन मोड म्हणतात.

एचएफवर पहिली वाट आता जवळपास बंद झालीय. एकेकाळी टीव्ही ५४ मेगाहर्ट्झपासून सुरू व्हायचा आणि १० मीटर बँडचा दुसरा हार्मोनिक थेट तिथे जाऊन बसायचा. लो-पास फिल्टरची सगळी ख्याती त्या काळातली. टीव्ही यूएचएफवर (४७० मेगाहर्ट्झच्या वर) असेल तर ७ मेगाहर्ट्झचा साठाव्या-सत्तराव्या क्रमांकाचा हार्मोनिक तिथे पोचायला हवा. धड अवस्थेतल्या रिगमधून तो निघत नाही. म्हणून एचएफवर काही बिघडलं की माझा पहिला संशय कॉमन मोडवर, दुसरा ओव्हरलोडवर. हार्मोनिकचा नंबर फार मागे.

दोन मीटरवर मात्र तिन्ही वाटा उघड्या आहेत. १४४ ते १४६ ला चारने गुणा: ५७६ ते ५८४ मेगाहर्ट्झ. जिथे टीव्हीची चॅनेल ८ मेगाहर्ट्झ रुंदीची आहेत आणि ४७० पासून मोजली जातात, तिथे हे चॅनेल ३४ (५७४ ते ५८२) आणि चॅनेल ३५ (५८२ ते ५९०) यांच्यावर पडतं. यातून एक फार सुंदर चाचणी निघते. १४५.२०० वर ट्रान्समिट करा: चौथा हार्मोनिक ५८०.८, म्हणजे ३४ वर. मग १४५.८०० वर: ५८३.२, म्हणजे ३५ वर. रिगची डायल अर्ध्या मेगाहर्ट्झहून थोडी अधिक हलवल्यावर बिघडणारा कार्यक्रमांचा गट बदलला, तर गुन्हेगार हार्मोनिकच. नाही बदलला आणि एकदम बरेच गट बिघडत राहिले, तर ओव्हरलोड. लक्षात घ्या, एका मल्टिप्लेक्समध्ये, म्हणजे एकाच वारंवारितेवरच्या गटात, अनेक कार्यक्रम असतात. ‘काही चॅनेल जातात’ हे शेजाऱ्यांचं वाक्य ऐकल्यावर त्या कार्यक्रमांची नावं लिहून घ्या आणि टीव्हीच्या मेनूत त्यांची वारंवारिता बघा. ती सगळी एकाच वारंवारितेवर निघाली तर अर्धं निदान तिथेच झालं.

दुसरी चाचणी ॲटेन्युएटरची. टीव्हीच्या अँटेना सॉकेटला १० डेसिबलचा ॲटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा जोड) लावा. हार्मोनिक चॅनेलवरच असेल तर तोही १० डेसिबल घटेल आणि टीव्हीचा सिग्नलही तेवढाच घटेल. प्रमाण तेच, म्हणून सुधारणा शून्य. ट्यूनर ओव्हरलोड होत असेल तर तो श्वास घेतो आणि चित्र परत येतं. पण एक मेख आहे: ओव्हरलोड खांबावरच्या ॲम्प्लिफायरमध्ये होत असेल तर खाली लावलेल्या ॲटेन्युएटरने काहीच होणार नाही, कारण नासधूस त्याच्या आधीच झालेली असते. तिथे ॲम्प्लिफायर तात्पुरता काढून यागी थेट खाली जोडून बघावी लागते. माझ्या अनुभवात अशा चाचणीत निम्म्या वेळा असं दिसतं की ॲम्प्लिफायरची गरजच नव्हती. कुणीतरी कधीतरी ‘असू दे’ म्हणून बसवलेला असतो.

डमी लोडवरची चाचणी तर सगळ्यांत आधी करा, ती तुमच्या घरातच होते. अँटेनाऐवजी डमी लोड (ताकद उष्णतेत जिरवणारा रोध) लावून पूर्ण ताकदीने ट्रान्समिट केल्यावरही टीव्ही बिघडला, तर आरएफ तुमच्या पॉवर सप्लायच्या वायरीतून किंवा सैल कनेक्टरमधून गळतोय. हे क्वचित होतं, पण झालं तर पुढची सगळी मेहनत वाचते.

आणि तुम्ही एफटी-८ वर असल्याचा एक फायदा घ्या. ट्रान्समिशन १२.६४ सेकंदांचं, १५ सेकंदांच्या खिडकीत, एका आड एक. चित्र तेरा सेकंदांच्या आसपास गोठत असेल, मग पंधरा-सतरा सेकंद बरं चालत असेल आणि हे घड्याळ लावल्यासारखं दर अर्ध्या मिनिटाला होत असेल, तर ते तुम्हीच. एरवी नाही. एकदा एका घरून मला रोज संध्याकाळी फोन यायचा, मी रिग बंद ठेवून जेवत असतानाही. वेळा लिहून काढल्या, माझ्या लॉगशी ताडल्या, एकही जुळेना. शेवटी त्यांच्याच खांबावरचा ॲम्प्लिफायर पाणी शिरून स्वतःच थरथरत, म्हणजे ऑसिलेट होत असल्याचं निघालं. उच्च दाबाच्या स्थिर हवेत दूरचं टीव्ही केंद्र तुमच्या केंद्राच्या चॅनेलवर येऊन बसतं, तेव्हाही दिसणारं चित्र हेच असतं. म्हणून लॉग ठेवा, मिनिटापर्यंत अचूक.

तुमच्या ४० मीटरच्या दुखण्यावर

खिडकीपाशी फीड (केबलचा जोड) असलेली एंड-फेड तार, हे वाचूनच मी थांबलो. अशा तारेला परतीचा प्रवाह कुठूनतरी हवाच असतो. वेगळा काउंटरपॉइज (परतीच्या प्रवाहासाठीची तार) नसेल तर फीडपाशी असलेला ट्रान्सफॉर्मर तो तुमच्या कोअॅक्सच्या जाळीतून घेतो, तिथून रिगच्या बॉडीवर, तिथून पॉवर सप्लायमधून मेन्सच्या वायरिंगवर. म्हणजे तुमच्या घराचं वायरिंग अँटेनाचा दुसरा अर्धा भाग झालंय, आणि ते शेजारच्या घराच्या वायरिंगला जोडलेलं असू शकतं. लो-पास फिल्टर यावर काहीच करू शकत नाही, कारण हा ७ मेगाहर्ट्झचाच सिग्नल आहे आणि तो जाळीच्या बाहेरच्या अंगाने वाहतोय.

इथे पहिला उपाय अँटेनाचा. जमल्यास मध्यभागी फीड असलेला डायपोल, दोन्ही घरांपासून शक्य तितका लांब, फीडपाशी १:१ करंट बालन (जाळीवरचा प्रवाह रोखणारा जोड). ते शक्य नसेल तर एंड-फेडचा ट्रान्सफॉर्मर खिडकीतून काढून बागेच्या दूरच्या टोकाला न्या, त्याला दोन-तीन मीटरचा स्वतःचा काउंटरपॉइज द्या, आणि त्यानंतर लगेच कोअॅक्सवर चोक (फेराइटच्या रिंगवर गुंडाळलेली केबल) बसवा. घरात शिरताना कोअॅक्सवर आणखी एक.

चोकबद्दल नीट सांगतो, कारण इथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात. बाजारात मिळणारी क्लिप-ऑन फेराइट एकदाच केबलवर चिमटली तर ७ मेगाहर्ट्झवर तिचा अडथळा जेमतेम काही दहा ओहम असतो. कॉमन मोड प्रवाहाला ते जाणवतही नाही. आपल्याला हवेत हजारो ओहम. वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात अडथळा वाढतो: एका वेढ्याला २५ ओहम धरले तर दहा वेढ्यांना सुमारे २,५००. म्हणून सुमारे ६१ मिलिमीटर व्यासाची ३१ मिक्सची (हा फेराइटच्या मिश्रणाचा क्रमांक) रिंग घ्या आणि तिच्यावर बारीक कोअॅक्सचे दहा ते चौदा वेढे द्या. ३१ मिक्स एचएफसाठी सर्वांत भरवशाचं. ४३ मिक्स वरच्या बँडांना ठीक. १४५ वर मात्र इतके वेढे दिलेत तर वेढ्यांमधली कपॅसिटी आरएफला पलीकडे उडी मारायला वाट देते. तिथे ४३ किंवा ६१ मिक्सच्या लहान रिंगवर तीन-चार वेढे पुरतात. फोम डायइलेक्ट्रिकची जाड केबल घट्ट वळवू नका, आतला गाभा सरकतो आणि केबल कायमची बिघडते.

शेजाऱ्यांच्या बाजूला याच पद्धतीचा चोक टीव्हीच्या अँटेना केबलवर, सेटच्या अगदी जवळ, ७५ ओहमच्या बारीक केबलचा. दुसरा टीव्हीच्या मेन्स वायरवर, वायर अखंड ठेवून नुसती रिंगवर गुंडाळून. अर्थिंगची तार तोडायची नाही, कुठल्याही परिस्थितीत नाही. सेट-टॉप बॉक्स असेल तर त्याच्या ॲडॉप्टरची वायर आणि एचडीएमआय या दोन्हींवरही. एकेक करून लावा, प्रत्येकानंतर गुणवत्तेचा पट्टा बघा, पण आधी लावलेला काढू नका. आरएफ तीन वायरींवरून येत असेल तर एक वाट बंद केल्याने चित्रात काहीच बदललेलं दिसत नाही. तिसरी बंद झाल्यावर एकदम सगळं ठीक होतं.

नुसता हाय-पास फिल्टर (फक्त वरच्या वारंवारिता जाऊ देणारा) इथे का चालत नाही, तेही सांगतो. साध्या हाय-पास फिल्टरची जाळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग असते. तो केबलच्या आतल्या सिग्नलला अडवतो, जाळीच्या बाहेरून येणारा प्रवाह त्याच्या डब्यावरून निवांत पलीकडे जातो. म्हणून क्रम असा: आधी चोक, मग सेटला लागून फिल्टर.

दोन मीटरच्या दुखण्यावर

वरची डायलची चाचणी करा आणि तिच्या निकालानुसार दोनपैकी एक उपाय. दोन्हींसाठी लागतो तो ३४ सेंटिमीटर लांबीचा कोअॅक्सचा तुकडा, आणि हा मला आमच्या छंदातला सर्वांत देखणा उपाय वाटतो.

१४५ मेगाहर्ट्झची पाव तरंगलांबी हवेत साधारण ५१.७ सेंटिमीटर. भरीव पॉलिथिलीनच्या कोअॅक्सचा वेग घटक (केबलमधला वेग हवेतल्या वेगाच्या तुलनेत) ०.६६, म्हणून ३४ सेंटिमीटर. फोमची केबल असेल तर ४२-४३.

हार्मोनिक निघाला, तर हा ५० ओहमचा तुकडा टी-कनेक्टरने रिगच्या आउटपुटला लावा आणि त्याचं मोकळं टोक शॉर्ट करा. १४५ वर तो नसल्यासारखाच असतो. २९० वर तो अर्ध्या तरंगाचा होतो आणि दुसरा हार्मोनिक जमिनीला टेकवतो. ५८० वर पूर्ण तरंगाचा होतो आणि चौथाही टेकवतो. ४३५ वर पाऊण तरंगाचा, म्हणजे पुन्हा नसल्यासारखा. तुमचा दोन बँडांचा रिग दोन्ही बँडांवर चालत राहतो आणि ४३५ चा दुसरा हार्मोनिक ८७० तोही शॉर्ट होतो. वीस-तीस डेसिबल एका तुकड्यात मिळतात. टी-कनेक्टरची लांबीही मोजली जाते, म्हणून थोडा लांब कापा आणि व्हीएनए या मापनयंत्रावर बघत छाटत जा.

ओव्हरलोड निघाला, तर ७५ ओहमचा तसाच तुकडा टीव्हीच्या बाजूला, ॲम्प्लिफायरच्या आधी, आणि टोक उघडं. उघडा तुकडा १४५ वर शॉर्ट होतो, आणि ४३५ हे त्याच्या बरोबर तिप्पट असल्यामुळे तिथेही शॉर्ट होतो. तुमचे दोन्ही बँड एका तुकड्यात अडले. ५८० वर तो अदृश्य असतो. ४७० च्या आसपासच्या सर्वांत खालच्या चॅनेलवर मात्र सुमारे चार डेसिबल खातो, ५०० पर्यंत ते दीड डेसिबलच्या आत येतं. शेजाऱ्यांचं मल्टिप्लेक्स अगदी तळाशी असेल तर तुकडा नको, तयार यूएचएफ फिल्टर घ्या.

फिल्टर ॲम्प्लिफायरच्या आधीच हवा, हे दोनदा सांगतोय कारण छतावर चढायचा कंटाळा येतो आणि तो खाली टीव्हीपाशी लावला जातो. ॲम्प्लिफायर आणि त्याच्या पॉवर युनिटच्या मध्ये काहीही घालायचं असेल तर ते डीसी जाऊ देणारं असावं, नाहीतर खांबावरची वीजच बंद होईल आणि दोष तुमच्या माथी येईल. त्याहून सरळ उपाय म्हणजे सगळं वाढवणारा ॲम्प्लिफायर बदलून फक्त यूएचएफचा घेणं. आणि त्या खांबावर चढणाराने गंजलेले क्लॅम्प, सैल नट, जुन्या पन्हळीचे सांधे बघून घ्यावेत. गंजलेला सांधा डायोडसारखा वागतो आणि तुमच्या निर्मळ सिग्नलमधून स्वतः हार्मोनिक तयार करतो. तसं असेल तर कुठल्याच घरातला फिल्टर कामी येत नाही, सांधा घासून घट्ट करावा लागतो.

टीव्हीमागची ती दीड मीटरची साच्यात ओतलेल्या प्लगची केबल आधी बदला. अशा केबलमध्ये जाळी विरळ असते, प्लगच्या आत नुसत्या दोन-चार तारांवर टेकवलेली असते. दुहेरी आवरणाची केबल आणि नीट दाबून बसवलेले एफ-कनेक्टर एवढ्यानेच सुटलेल्या तक्रारी मी बऱ्याच बघितल्यात.

डिश आणि केबल

डिशवाले आज गप्प आहेत, पण तुम्ही उद्या २३ सेंटिमीटर बँडवर आलात तर तयार असा. एलएनबी (डिशच्या तोंडावरचा रिसीव्हर) उपग्रहाकडून आलेला सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झमध्ये खाली पाठवतो, आणि १२४० ते १३०० त्याच्या पोटातच येतं. एलएनबीतल्या ९.७५ गिगाहर्ट्झच्या ऑसिलेटरवर १२९६ म्हणजे उपग्रहाचा ११.०४६ गिगाहर्ट्झचा ट्रान्सपॉन्डर. इथे फिल्टर बसवणं अवघड, कारण अडवायचं तेच हवंही आहे. केबलचं आवरण आणि कनेक्टर हाच बचाव. खालच्या बँडांचा त्रास असेल तर एक सोपी युक्ती: टीव्ही आणि सॅटेलाइट एकत्र करणारा डायप्लेक्सर घ्या, फक्त सॅटेलाइटची बाजू वापरा, टीव्हीच्या पोर्टला ७५ ओहमचा टर्मिनेटर लावा. तो आयता हाय-पास फिल्टर होतो. मात्र डीसी आणि २२ किलोहर्ट्झचा टोन (एलएनबीला बँड बदलायला सांगणारा) जाऊ देणारा आहे ना, हे बघून घ्या.

केबल टीव्ही असेल तर फिल्टरचा विचारच सोडा. १४५ आणि ४३५ च्या आसपास केबलच्या आत खरोखरची चॅनेल असू शकतात. ती शाबूत ठेवायची तर तुम्हाला आत येऊच द्यायचं नाही, म्हणजे गळका सांधा शोधायचा. जिथून तुम्ही आत जाता तिथूनच केबलचा सिग्नल बाहेरही येतो, आणि तुमच्या रिसीव्हरवर गोंगाट वाढवतो. ऑपरेटरला बोलवा, स्वतः हात लावू नका.

शेजाऱ्यांकडे जाताना

पहिल्या भेटीत ऐका आणि वेळा लिहून घ्या. ‘माझ्याकडे लायसन्स आहे’ हे वाक्य त्या दिवशी घरीच ठेवा. त्याआधी तुमच्या स्वतःच्या घरातला टीव्ही पूर्ण ताकदीवरही स्वच्छ चालतो अशी व्यवस्था करा आणि त्यांना तो बघायला बोलवा. तुमचा सेट त्यांच्यापेक्षा अँटेनाच्या जवळ आहे, तो चालत असेल तर त्यांचाही चालू शकतो, हे त्यांना सांगावं लागत नाही. त्यांचा सेट उघडू नका, त्यांच्या छतावर एकटे चढू नका. बाहेरून लावायच्या वस्तू तुम्ही द्या, लावताना ते सोबत असू द्या.

येत्या सुट्टीच्या दिवशी कुणाला तरी फोनवर त्यांच्या टीव्हीसमोर बसवा आणि हे करा: ७ मेगाहर्ट्झवर १००, ५०, २५ आणि १० वॅट, प्रत्येकी अर्धा मिनिट, गुणवत्तेचा आकडा लिहून. मग पेन ड्राइव्हचा व्हिडिओ लावून पुन्हा १०० वॅट. मग १४५.२०० आणि १४५.८००, दोन्ही वेळा कुठले कार्यक्रम गेले आणि त्यांची वारंवारिता काय. शेवटी ४३५. सोबत ॲम्प्लिफायरवर छापलेला वारंवारितेचा पल्ला आणि तुमच्या एंड-फेडच्या ट्रान्सफॉर्मरपासून त्यांच्या जवळच्या भिंतीपर्यंतचं अंतर. एवढं पाठवा, मग कोणती रिंग, किती वेढे आणि कुठे, ते तुमच्या घरापुरतं नेमकं सांगतो. तोपर्यंत संध्याकाळच्या बातम्यांच्या वेळेला ४० मीटर २० वॅटवर चालवा.